पाच खटके

बायकोच्या नेलपॉलिशच्या बाटलीत काडेपेटीतल्या काडीचं टोक बुडवून फोटोमास्तरांनी श्वास रोखला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर मोहरीएवढा लाल ठिपका दिला. मग त्याला खेटून दुसरा. एक व्ह्यूफाइंडरशेजारच्या बारक्या चाकावर, दुसरा कॅमेऱ्याच्या अंगावर. दोघे समोरासमोर असले की चाक शून्यावर. केसभर जरी कुणी फिरवलं, तरी ठिपक्यांची ताटातूट होणार आणि चोर पकडला जाणार.

"अहो, माझी नेलपॉलिश बघितलीत का?" आतून बायकोने विचारलं.

"मी कशाला बघू?" म्हणत मास्तरांनी ठिपक्यांवर फुंकर घातली.

चाकाचा उपयोग तसा साधा. ज्याचा जसा डोळा, तसं ते फिरवून घ्यायचं, म्हणजे चष्मा न लावताही व्ह्यूफाइंडरच्या खिडकीतून स्वच्छ दिसतं. मास्तरांना ते फिरवण्याची गरज कधी पडली नव्हती. अडतीस वर्षांत चार कॅमेरे झाले, चाक नेहमी शून्यावर. शून्य म्हणजे निर्दोष डोळा, असं ते गिऱ्हाइकांना न विचारता सांगत. उलट गेल्या वर्षापासून त्यांचा वाचायचा चष्माही सुटला होता. सदुसष्टाव्या वर्षी मास्तर बिनचष्म्याने पेपर वाचत, फक्त तो नाकाला टेकेल इतका जवळ धरावा लागे.

"माझे डोळे उलटे तरुण होतायत," ते म्हणत. बायको काही म्हणत नसे. ती काही म्हणत नाही, हे मास्तरांनी नोंदवून ठेवलं होतं.

गेले पाच-सहा महिने मात्र कुणीतरी त्या चाकाला हात लावत होतं. सकाळी दहाला स्टुडिओत येऊन कॅमेरा हातात घ्यावा, तर चाक उणे बाजूला सरकलेलं. सुरुवातीला तीन खटके. मग चार. अलीकडे पाच. चोर धीट होत चालला होता. मास्तर आधी चाक शून्यावर आणत आणि मगच डोळा लावत. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश आणि दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेलं चाक आपण वापरायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पण शून्यावर आणून डोळा लावला की खिडकीत धुकं. म्हणजे चोर नुसतं चाक फिरवून थांबत नव्हता, जाता जाता आत काहीतरी बिघडवूनही ठेवत होता.

कॅमेऱ्यातले फोटोंचे क्रमांक त्यांनी रोज वहीत लिहून पाहिले. एकही फोटो जास्तीचा काढला जात नव्हता. लेन्स जागेवर, बॅटरी जागेवर. काहीच चोरीला जात नाही, ही मास्तरांच्या मते सर्वांत संशयास्पद गोष्ट होती.

शेवटी ते कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने खिडकीतून डोळा लावून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला.

"मास्तर, यंत्र ठणठणीत आहे. मला तर शून्यावर लख्ख दिसतंय. कुणीतरी हे आपल्या डोळ्याला लावून घेत असणार."

"कोण?"

"ते मी कसं सांगू? पण उणे पाच खटके म्हणजे लांबचं धड न दिसणारा माणूस. पलीकडच्या फुटपाथवरून बायकोने हाक मारली तर आवाजावरून ओळखणारा."

"आणि मला धूसर का दिसतं?"

दुरुस्तीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, मग दाराकडे.

"काच पुसून देतो," तो म्हणाला.

हाही सामील असेल का, असा विचार मास्तरांच्या मनात रस्त्यात दोनदा येऊन गेला.

एरवी त्यांनी हे प्रकरण सावकाशीने हाताळलं असतं. पण गुरुवारी अग्निशमन केंद्राचा वार्षिक ग्रुप फोटो होता. बेचाळीस जवान, मधोमध मिशीवाले साहेब, मागे बंब. एकवीस वर्षं तो फोटो मास्तर काढत आले होते, आणि गेल्या वर्षी तो बिघडला होता. जवानांच्या छातीवरच्या बिल्ल्यांचे आकडे वाचता येत नव्हते आणि साहेबांच्या मिशीच्या जागी नुसतं धुकं आलं होतं. "आग विझवून आल्यानंतरचा वाटतोय," साहेब म्हणाले होते. यंदा फोन आला तेव्हा ते हसत नव्हते. "मास्तर, या तुम्हीच. पण बिल्ले वाचता आले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही चौकातल्या नव्या स्टुडिओला सांगू."

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नसता. ज्याच्या हातून बेचाळीस माणसांचा फोटो जातो, त्याच्याकडे लग्नाळू मुलीचा फोटो काढायला कोण येणार? नवे फोटोवाले फोकस कॅमेऱ्यावर सोडून देतात. मास्तर जुनी लेन्स लावून हाताने फोकस करत. "बघायचं काम यंत्रच करणार असेल, तर मी काय ट्रायपॉड धरायला उभा राहू?" असं ते विचारत. आणि आता कुणीतरी त्यांना नेमकं ट्रायपॉड धरायलाच उभं करू पाहत होतं.

कोण, याचा त्यांनी शांत डोक्याने विचार केला. घरात लांबचा चष्मा मुलाला होता. पण तो दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. गुन्हेगार म्हणून तो सोयीचा होता, हजर मात्र नव्हता. हेतू त्याच्याकडे नक्की होता. गेल्या वर्षी याच मुलाने भर जेवणात "बाबा, एकदा डोळे दाखवून घ्या," असं म्हटलं होतं. त्यानंतर तो आला की मास्तर त्याच्याशी बोलत नसत. असं तीन महिने चाललं. एका टेबलाशी बसूनही "त्याला म्हणावं, मीठ इकडे दे," असा निरोप सुनेमार्फत जायचा.

राहिली सून. लग्न होऊन आली तेव्हा लेन्सच्या झाकणाला बूच म्हणायची. आता स्टुडिओतला कॉम्प्युटर तिच्या हातात, कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे, आणि सकाळी नऊला कुलूप उघडणारीही तीच. मास्तरांनी काढलेले फोटो ती कॉम्प्युटरवर उघडायची आणि बराच वेळ काहीतरी करत बसायची. काय करतेस, विचारलं की म्हणायची, "काही नाही बाबा, जरा धार लावते." चाकूसुरीला लावतात ती धार. फोटोला कशाला?

एकच अडचण होती. तिला चष्मा नव्हता. पण डोळ्यात बसवायच्या काचा मिळतात हे मास्तरांना ठाऊक होतं. सोमवारी त्यांनी तिला दुकानाच्या दारात उभं केलं.

"समोरच्या औषधाच्या दुकानाबाहेरची ती पाटी वाच बघू."

"का हो?"

"वाच म्हटलं की वाचावं."

"'इथे गाडी लावू नये.'" ती हसली. "आणि खाली खडूने लिहिलंय, 'तुलाच सांगतोय.'"

"हं."

"तुम्हाला दिसतंय ना, बाबा?"

"परीक्षा तुझी चाललीय, माझी नाही."

मास्तरांना पाटी पिवळी आहे एवढं दिसत होतं. पण ती पूर्वीही पिवळीच होती, त्यामुळे शंका घेण्याचं काही कारण नव्हतं. रोज समोर बसते, पाठ झाली असणार, असा निष्कर्ष काढून ते शेजारी चष्मेवाल्याकडे गेले.

चष्मेवाला त्यांचा तीस वर्षांचा शेजारी. दोघांचा चार वाजताचा चहा एकत्र व्हायचा.

"आमच्या घरात लांबचा नंबर कुणाकुणाला आहे रे?"

"मास्तर, गिऱ्हाइकांचे नंबर असे सांगायचे नसतात."

"मी गिऱ्हाइकांचं विचारतच नाही. घरच्यांचं विचारतोय."

"तेच गिऱ्हाईक आहेत," म्हणत चष्मेवाल्याने एक फ्रेम पुढे केली. "ते राहू द्या. ही नवी आलीय, घालून दाखवा. तुमच्यासारख्या चेहऱ्याला कशी दिसते ते बघायचंय."

या वर्षातली ही चौथी फ्रेम. मास्तरांनी ती नाकावर चढवली आणि सवयीने रस्त्याकडे पाहिलं. पिवळ्या पाटीवर अक्षरं उमटली. इथे गाडी लावू नये. खाली खडूचं, जरा तिरकं, 'तुलाच सांगतोय.'

त्यांनी फ्रेम झटकन काढली.

"तुझ्या काचेत काहीतरी भानगड आहे. गरजेपेक्षा जास्त दिसतं."

"असं?" चष्मेवाल्याने कपाटाआड वळून एका कपट्यावर काहीतरी लिहिलं. "चहात साखर घालू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर जेवायला निघाले आणि छत्री विसरली म्हणून कोपऱ्यावरून परत फिरले, तर सून चष्मेवाल्याच्या दुकानातून बाहेर पडत होती. हातात कपटा. चेहरा ओळखू येत नव्हता, पण हिरवी ओढणी तिचीच. घरी आले तर बायको फोनवर कुजबुजत होती. ती त्यांना पाहून मोठ्याने "बरं, वांगी आण मग," म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी वांगी आली नाहीत. मास्तरांनी साखळी जोडली. सून, बायको, चष्मेवाला. कदाचित दुरुस्तीवालाही. एका माणसाला घरी बसवायला चार-चार माणसं लागतात, या विचाराने त्यांना क्षणभर बरंही वाटलं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी ठिपके समोरासमोर आहेत हे भिंगातून तपासलं, कॅमेरा बॅगेत घातला, बॅग कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि सुनेकडची किल्लीही मागून घेतली.

"उद्या महत्त्वाचं काम आहे. किल्ल्या माझ्याकडे राहू देत."

"राहू देत की," सून म्हणाली. फारच लगेच म्हणाली.

दोन्ही किल्ल्या त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. सदरा खुंटीला टांगून, त्याच्याकडे तोंड करून ते झोपले. सकाळी आंघोळ करून आले तेव्हा सदरा धुवायच्या बादलीत होता, टेबलावर दोनपैकी एकच किल्ली होती आणि सून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडली होती. खिशातल्या किल्ल्या खिशात सुरक्षित असतात, पण खिसा बायकोच्या ताब्यात असतो, हे मास्तरांनी हिशेबात धरलं नव्हतं.

"ती स्टुडिओतून बॅग घेऊन परस्पर केंद्रावर येतेय," बायको म्हणाली. "तुम्हाला तेवढाच हेलपाटा कमी."

केंद्राच्या आवारात जवानांच्या तीन रांगा आधीच लागल्या होत्या. पुढची खुर्च्यांवर, मधली उभी, मागची बाकांवर, आणि चार जण बंबाच्या टपावर. पितळी बटणं घासलेली. साहेबांनी मिशीला पीळ दिला होता.

"मास्तर, घाई करा. आगीची वर्दी आली तर आम्ही कुणासाठी थांबणार नाही."

सुनेने ट्रायपॉड लावून ठेवला होता. मास्तरांनी कॅमेरा त्यावर चढवला, वाकून पाठीवर पाहिलं. ठिपक्यांची ताटातूट झाली होती. एक इकडे, एक तिकडे. मध्ये पाच खटके. ते वळले. सून दोन पावलं मागे उभी राहून मन लावून आभाळ बघत होती.

"तू," मास्तर म्हणाले.

आणि आत टेलिफोन खणखणला.

बेचाळीस माना एकदम तिकडे वळल्या. कुणीतरी आत धावलं.

"मास्तर, काढा!" साहेब ओरडले. "समोर बघा रे सगळे! आत्ताच काढा, नाहीतर राहिला!"

चाक मागे फिरवायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी दुसऱ्याच्या चाकाला डोळा लावला.

एकशे अकरा. एकशे चौदा. एकशे सत्तावीस. बिल्ले एकामागून एक वाचले जात होते, जणू कुणी हजेरी घेतंय. मधल्या रांगेतल्या एकाच्या कॉलरला दाढीच्या साबणाचा ठिपका. टपावरच्या चौघांपैकी एकाच्या बुटाची नाडी सुटलेली. साहेबांच्या मिशीचा केस न् केस, मुळाशी पांढरा, वर काळा. मास्तरांच्या बोटांनी लेन्सचं कडं कधी फिरवलं ते त्यांना कळलंही नाही. बोटं थांबायच्या ठिकाणी आपणहून थांबली. एक. दोन. तीन.

"वर्दी!" आतून आरोळी आली.

रांगा मोडल्या, खुर्च्या कलंडल्या, बंब घंटा वाजवत फाटकातून गेला. आवार रिकामं झालं. मास्तर तसेच वाकून डोळा लावून उभे होते. खिडकीत आता नुसते बाक होते, त्यावर बुटांचे ओले ठसे, आणि मागच्या भिंतीवर एक पाल.

त्यांनी चाक फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. ठिपके भेटले. पाल गेली, भिंतही जवळजवळ गेली. पुन्हा उलट पाच खटके. पाल परत आली. ती जागची हललेली नव्हती. मास्तरांनी हे तीन वेळा केलं. चौथ्यांदा करताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"काय झालं, बाबा?" मागून सुनेने विचारलं.

"काही नाही. धूळ होती."

परतताना बॅग तिच्या खांद्यावर होती. एरवी मास्तर ती कुणाला उचलू देत नसत. दोघं औषधाच्या दुकानापर्यंत आली.

"आधी तीनच होते ना?" मास्तरांनी रस्त्याकडे बघत विचारलं.

सुनेने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हो. मग चार. आता चष्मेवाले काका म्हणाले, पाच तरी लागतील."

"त्या फ्रेमा."

"हो. तुम्ही एरवी तपासायला बसला नसतात." मग एकदम तिचा धीर सुटला. "आणि मी रोज सकाळी लावून ठेवते, तर तुम्ही रोज शून्यावर का आणता हो? सहा महिने! एकदा तरी आधी डोळा लावून बघायचं! मग दिवसभर मी कॉम्प्युटरवर धार लावत बसते. गेल्या वर्षी त्या साहेबांच्या मिशीला किती धार लावली, तरी आली नाही."

"सांगायचं होतंस."

"आई म्हणाल्या, नको. सांगितलं की तीन महिने मिठाचे निरोप पोचवायला मलाच मध्ये घालतील."

मास्तर हसले नाहीत. पण पिवळ्या पाटीजवळ ते थांबले, अगदी जवळ जाऊन, नाक टेकेल इतकं वाकून खालची खडूची ओळ वाचली, आणि "मलाच सांगतोय," असं पुटपुटून पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून चष्मेवाल्याच्या खुर्चीत बसले. भिंतीवरच्या अक्षरांच्या पहिल्या तीन ओळी गेल्यावर म्हणाले, "खालची ओळ तू बारीक करून घेतलीयस."

"मास्तर, हा तक्ता माझ्या वडिलांनी लावलाय." चष्मेवाल्याने त्यांच्या डोळ्यात उजेड टाकला. "मोतीबिंदू आहे. लांबचं गेलं ते त्याच्यामुळे, आणि वाचायचा चष्मा सुटला तोही त्याच्याचमुळे. डॉक्टरांना दाखवा. साधं ऑपरेशन असतं."

"म्हणजे तरुण वगैरे नाही."

"नाही."

"बायकोला सांगू नकोस," मास्तर म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "तिला माहीतच असेल."

सोमवारी साहेबांचा फोन आला. बिल्ले सगळे वाचता येत होते. "पण मास्तर, मी मिशीला कलप लावतो हे आता अख्ख्या केंद्राला कळलं. पुढच्या वर्षी जरा कमी स्वच्छ काढा."

पुढच्या वर्षी, हे दोन शब्द मास्तरांनी फोन ठेवल्यावर एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग नेलपॉलिश काढायच्या बाटलीत कापसाचा बोळा बुडवून त्यांनी दोन्ही लाल ठिपके पुसून टाकले. बाटली बायकोनेच न विचारता टेबलावर आणून ठेवली होती.

मंगळवारी दहाला त्यांनी कपाट उघडलं. चाक पाच खटक्यांवर, काल ठेवलं होतं तसंच. कुणी हात लावला नव्हता. बुधवारीही नाही. गुरुवारीही मास्तरांनी चाक निरखून पाहिलं, वासही घेतला. नाही. पलीकडे कॉम्प्युटरपुढे सून गिऱ्हाइकांचे फोटो नुसते उघडत होती आणि मिटत होती. धार लावायला काही उरलं नव्हतं.

दुपारी एकला जेवायला घरी जाताना मास्तर दारातून परत फिरले. सून फोनवर बोलत होती, तिची पाठ होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कॅमेऱ्याचं चाक हळूच एक खटका मागे फिरवलं आणि छत्री घेऊन निघून गेले.

चारला परत आले तेव्हा ते पाचवर होतं.